नाव घेऊन हाक

"अहो" म्हणून हाक मारली की किनाऱ्यावरचे सगळे नवरे वळतात. त्या दिवशीही चार-पाच वळले. माझे वळले नाहीत. ते कमरेएवढ्या पाण्यात पाठमोरे उभे होते, लाटांचा आवाज होता, आणि आजूबाजूच्या इतक्या बायका अहो अहो करत होत्या की आपल्यालाच कुणी बोलावतंय असं त्यांना वाटलं नसणार. मी पुन्हा हाक मारली. मग पाण्याने त्यांना आत ओढलं.

ही गोष्ट दिवाळीतली, माझ्या कोकणातल्या माहेरची. नंतर मी आणि माझी मुलगी तनया जयपूरला परत आलो. तिचं कॉलेज सीतापुऱ्याला, आमचा फ्लॅट सोडाल्यात, आणि यांच्या विमा कंपनीने मला नोकरी दिली तीही इथलीच. लोक भेटायला यायचे, रडायचे, आणि मी त्यांना चहा करून द्यायचे. मला काही वाटत नव्हतं. दात काढताना डॉक्टर गाल बधिर करतात ना, तसं सगळं अंग झालं होतं. भाजी आळणी झाली की तनया सांगायची, "आई, मीठ," आणि मी मीठ घालायचे.

आमच्या शेजारी सुभेदार ज्ञानोबा राहायचे. साताऱ्याचे, पण फौजेतून निवृत्त झाल्यावर इथेच राहिले. इथली कोरडी हवा गुडघ्यांना मानवते म्हणायचे. उन्हाळ्यात एका शाळेच्या पोहण्याच्या तलावावर ते फुकट वर्ग घ्यायचे, बुडणाऱ्याला कसं वाचवायचं याचे. त्याला कारण होतं. आमच्या कॉलनीच्या बसेस दरवर्षी द्वारकेला जायच्या, आणि जन्मात समुद्र न पाहिलेली ही माणसं हात जोडून सरळ आत चालत सुटायची. किनाऱ्यावर लक्ष ठेवायला सुभेदारांनी पुरुषांची तुकडी केव्हाच तयार केली होती. पण बायका आंघोळीला वेगळ्या बाजूला जातात आणि तिथे या पुरुषांना फिरकता यायचं नाही.

"वहिनी, तुमी या," ते दारातूनच म्हणाले. "तुमास्नी पवता येतंय, समुद्र ठाऊक हाय. तुमी आलासा तर बाकीच्या येत्याल."

नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. मी हो म्हटलं.

बायका आल्या. राजपूत घरातली गुलाब कंवर आली, शिवणकाम करणारी रुखसाना आली, राजा पार्कातल्या दोन सिंधी जावा आल्या. पहिल्याच दिवशी तलावाच्या मॅनेजरने सगळ्यांना दारात अडवलं. कॉस्च्यूमशिवाय आत सोडणार नाही म्हणे. घुंगट काढायला तयार नसलेल्या बाईला हा गृहस्थ कॉस्च्यूम घाला म्हणत होता. मला हसू यायला हवं होतं, ते आलं नाही.

"समुंदर में कौन सी औरत कॉस्च्यूम पहन के डूबती है?" सुभेदारांनी विचारलं. "कपड़ों में डूबती है, तो कपड़ों में ही सीखेगी."

मॅनेजरने दुपारची वेळ दिली, बाकी कुणी नसताना. बाहेर लू वाहायची, तळपायाला फरशीचे चटके बसायचे. सुभेदार पलीकडच्या टोकाला छातीभर पाण्यात आमच्याकडे पाठ करून उभे राहायचे आणि तसेच ओरडून सांगायचे. पुरुषाने बघू नये म्हणून ही सोय. गुलाब कंवर मग घुंगट मागे टाकायची, घागरा सावरून पायरीवर बसायची आणि पाण्यात पाय सोडून लहान मुलीसारखी खिदळायची. मी एकेकीचा हात धरून तिला पाण्यात आणायचे, पाठीखाली हात घालून तरंगवायचे. भिजलेला घागरा किती जड होतो ते त्यांना तिथेच कळलं. आधी हाक मारायची, मग दोर टाकायचा, आपण उडी मारायची नाही, हे त्यांना पाठ झालं. दोर टाकण्यात रुखसानाचा नेम तर माझ्यापेक्षा चांगला.

यात्रा जवळ आली तेव्हा हाकेचा सराव निघाला. बायकांची बाजू सांभाळतानाही पलीकडे आपला माणूस खोल गेलेला दिसला, तर हाक आपणच मारायची. सुभेदार म्हणाले, मी पाठमोरा उभा राहतो, मला तुमच्या घरचा माणूस समजा आणि नाव घेऊन हाक मारा. नाव ऐकलं की मी वळेन.

"अजी सुनो!" गुलाब कंवर ओरडली.

सुभेदार हलले नाहीत.

"ओ बन्नी के पापा!"

"समुंदर पे सत्तर पापा होंगे," ते पाठमोरेच म्हणाले. "नाम लो."

"म्हारे में धणी रो नाम कोनी लेवे," गुलाब कंवर हळूच म्हणाली. नवऱ्याचं नाव त्यांच्यात घेत नाहीत. रुखसानाने मान डोलावली, तिच्याही घरात तेच. सिंधी जावा एकमेकींकडे बघत राहिल्या.

"तो फिर किनारे पे खड़े होने का फायदा नहीं," सुभेदार म्हणाले. "बस में बैठना."

गुलाब कंवरने घुंगट पुढे ओढला. "बैठ जाएंगे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "भाभीजी, वो तो सबसे आगे जाते हैं पानी में. तैरना आता नहीं." एवढं बोलून ती चपला शोधू लागली.

मी तिच्या चपलांकडे बघत होते. आमच्यात तरी काय वेगळं होतं? लग्नात उखाण्यात नाव घेतलं, मंगळागौरीत घेतलं, हळदीकुंकवाला घेतलं. यमक जुळवून, लाजून, बायकांसमोर. त्यांना ऐकू जाईल असं कधीच नाही. इस्पितळात डॉक्टरांनी नाव विचारलं तेव्हासुद्धा तनयाने सांगितलं, मी नुसतं "हे" म्हणून बोट दाखवलं होतं.

मी तलावाच्या काठाशी गेले.

"सदाशिव!"

आवाज चिरका निघाला. गुलाब कंवर जागच्या जागी थांबली. पलीकडे सुभेदार तसेच उभे होते.

"सदाशिव! मागे फिर!"

अरेतुरे करून. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा. सुभेदारांनी मान खाली घातली, पण ते वळले नाहीत. सराव होता, कुठलंही नाव ऐकून त्यांनी वळायचं होतं. त्या नावाला मात्र ते वळले नाहीत, आणि का ते मला कळलं. मी अजून ओरडत होते. सदाशिव, सदाशिव. पाणी स्वच्छ होतं, शांत होतं, आणि त्यात तो कुठेच नव्हता. दिवाळीपासून साचलेलं सगळं तोंडातून, नाकातून बाहेर यायला लागलं. मी तापलेल्या फरशीवर बसले आणि मला चटका बसला. चांगलाच बसला.

रुखसानाने मागून मला धरलं. कुणीतरी पाणी आणायला धावलं.

गुलाब कंवर काठावर आली. तिने घुंगट मागे टाकला, डोळे मिटले, दोन्ही मुठी आवळल्या.

"भंवरसिंग जी!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. "पाछा आओ!"

सुभेदार वळले.