अंबरनाथची वेलबर्न

दिनानाथ प्रधानांनी हातातली गुळगुळीत पुस्तिका बॉनेटवर आपटली आणि रंगाला ओरखडा तर गेला नाही ना, हे लगेच वाकून पाहिलं.

"अखंड म्हणे! सुदाम, ऐकतोयस ना? पंच्याऐंशी वर्षांची अखंड परंपरा!"

सुदाम मागच्या मडगार्डखाली उताणा पडला होता. त्याची हातोडी क्षणभर थांबली.

"ऐकतोय, साहेब," तो म्हणाला, आणि ठोकाठोक पुन्हा सुरू झाली.

पुस्तिका वेलबर्न मोटारींच्या इतिहासाची होती. सायकली दुरुस्त करणाऱ्या दोन इंग्रज भावांनी १९११ साली पहिली गाडी बनवली, मग मोठमोठ्या लोकांनी ती घेण्यासाठी रांगा लावल्या, हे सगळं त्यात रंगीत चित्रांसह होतं. प्रधानांना तो इतिहास पाठ होता. १९५७ साली कंपनी बुडाली, कारखान्यात बिस्किटांचं गोदाम झालं, नाव एका पंपवाल्याने घेतलं, मग ते बँकेकडे अडकून पडलं आणि दोन वर्षांपूर्वी एका जर्मन कंपनीने ते विकत घेऊन नव्या गाड्या काढल्या, हेही त्यांना ठाऊक होतं. ही मधली सदतीस वर्षं पुस्तिकेने तीन शब्दांत उरकली होती: काही काळाच्या विश्रांतीनंतर. तेही त्यांनी सोडून दिलं असतं. पण पान एकतीसवर छापलं होतं की १९४९ साली मुंबई बंदरात उतरलेली भारतातली एकमेव वेलबर्न आता अस्तित्वात नाही.

ती इथे, अंबरनाथ पूर्वेला, प्रधानांच्या घराला लागून असलेल्या शेडमध्ये उभी होती.

केमिकल कंपनीत अधिकारी असताना, १९८१ साली, एका बंद गिरणीच्या आवारात ती त्यांना सापडली होती. इंजिन, सांगाडा, बॉनेटवरचं पाखराचं चिन्ह आणि बाकी सगळा गंज. सुदाम उल्हासनगरला चार नंबर कॅम्पात एका सिंधी शेठच्या वर्कशॉपमध्ये पत्र्याचं काम करायचा आणि बुवापाड्यात राहायचा. सुट्टीच्या शुक्रवारी तो इथे येऊ लागला आणि पंधरा वर्षं येतच राहिला. प्रधान जुन्या इंग्रजी मासिकातला फोटो भिंग लावून बघायचे, मापं काढायचे, चूक दाखवायचे. डावं दार तीनदा नव्याने बनलं होतं. तिसऱ्या वेळी मात्र सुदाम वैतागला होता.

"साहेब, फोटोत दार बंद आहे. आतून कसं आहे ते मला कसं कळणार?"

"विचार करून!" प्रधान म्हणाले होते.

पुस्तिकेतल्या चुकीबद्दल त्यांनी कंपनीला चार पत्रं लिहिली. चारही वेळा आभाराचं छापील पत्र आलं आणि सोबत नव्या गाडीचा कॅटलॉग. पाचव्या पत्रात त्यांनी वकिलाचा उल्लेख केला, तेव्हा कुठे मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. माणूस येईल, गाडी बघेल, खात्री पटली तर पुढच्या आवृत्तीत फोटोसह नोंद होईल. आज अकराची वेळ ठरली होती. पावणेदोन वाजत आले होते.

"अहो, जेवून तरी घ्या," घरातून कुंदाताईंनी तिसऱ्यांदा हाक मारली. "आणि त्या सुदामलाही उठवा."

तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. पस्तिशीचा, टाय लावलेला घामाघूम माणूस उतरला. त्याचं नाव शशिकांत कर्णिक.

"सॉरी, साहेब. कोणीतरी बदलापूर सांगितलं. तिथे पार मांजर्लीपर्यंत जाऊन आलो. सगळे विचारायला लागले, कोणती गाडी."

प्रधानांनी घड्याळाकडे पाहिलं. कर्णिकांनी बॅगेतून फॉर्म काढला.

"ही तयार कोणी केली?"

"मी," प्रधान म्हणाले.

सुदाम गाडीखालून बाहेर आला होता. तो चिंधीने हात पुसत उभा राहिला. पुसून झाल्यावरही पुसतच राहिला.

कर्णिक बॅटरी आणि लोहचुंबक घेऊन गाडीभोवती फिरले. सांगाड्यावरचा नंबर त्यांनी दोनदा पडताळला आणि मान हलवली. प्रधानांचा चेहरा उजळला. मग कर्णिकांनी डावं दार उघडलं, आतून बोट फिरवलं आणि ते थांबले.

"हे मूळचं नाही."

"थोडंफार काम केलंय..."

"हे सगळंच नवीन आहे, साहेब. ग्रिलसुद्धा. मडगार्डं पण."

"ते याने केलंय," प्रधानांनी सुदामकडे बोट दाखवलं. "मी मापं दिली होती. याने काय पत्रा वापरला, याने कसं..."

कर्णिक सुदामकडे वळले. "कशाचं आहे हे दार?"

"कूलरचा पत्रा," सुदाम म्हणाला. "आतली चौकट टेंपोची. ग्रिल पितळेची. क्रोम आमच्याकडेच, उल्हासनगरला मारून घेतलं. चोवीस पट्ट्या आहेत. मोजून घ्या."

कर्णिकांनी खरंच मोजल्या.

"काम फार सुंदर आहे. तीच पंचाईत आहे. वाईट असतं तर दुरुस्ती म्हणून चालवून घेतलं असतं. ही तर अख्खी दुसरी गाडी झाली. आमच्या नियमात हिला नक्कल म्हणतात."

"नक्कल!" प्रधानांचा आवाज फाटला. "तुमच्या कंपनीत जुना एक स्क्रू तरी आहे का?"

"नाही."

"जुना कारखाना? एखादा जुना कामगार?"

"कारखाना जर्मनीत आहे, साहेब. नवीन."

"मग तुम्ही कुठले खरे?"

"नाव आमच्याकडे आहे ना," कर्णिक म्हणाले. त्यात मिजास नव्हती. रेशनकार्डावर नाव असल्याचं सांगावं, तसं त्यांनी सांगितलं. "आणि त्याचंच बोलायचं होतं. पुढचं ते चिन्ह काढावं लागेल. नाहीतर लीगलवाले नोटीस पाठवतील. मी नाही पाठवत हो, ते पाठवतात."

"पाठवू दे! कोर्टात खेचतो एकेकाला! पंधरा वर्षं मी या गाडीसाठी..."

प्रधान बोलत असतानाच सुदाम गाडीच्या पुढे जाऊन उकिडवा बसला. त्याने खिशातला पेचकस काढला. दोन स्क्रू होते. बॉनेटच्या टोकावरचं चांदीसारखं पाखरू त्याने अलगद सोडवलं, चिंधीत गुंडाळलं आणि कर्णिकांच्या हातात दिलं. बाहेरून दिसणारी तेवढी एकच वस्तू मूळची होती.

"कोणाला विचारून काढलंस?" प्रधान ओरडले.

"त्यांचं आहे म्हणतात, तर देऊन टाकू, साहेब." सुदामचा आवाज चढला नव्हता. "बाकीचं मी बनवलंय. ते कोणी मागत नाहीये."

कर्णिकांना ती पुरचुंडी कुठे ठेवावी ते कळेना. शेवटी त्यांनी ती बॅगेत ठेवली, फॉर्मवर तिरकी रेघ मारली आणि "येतो" म्हणून निघाले. फाटकाशी पोचल्यावर ते एकदा वळले, आणि त्यांनी पाहिलं ते सुदामकडे.

कुंदाताई चहाचा ट्रे घेऊन दारात आल्या. "गेले? चहा टाकला होता मी त्यांच्यासाठी."

त्या ट्रे ओट्यावर ठेवून आत गेल्या.

सुदाम अवजारं गोळा करू लागला. प्रधान बॉनेटवरच्या त्या दोन भोकांकडे बघत उभे होते. मग ते गाडीला वळसा घालून डाव्या बाजूला गेले, दार उघडून आत बसले आणि ते दार ओढून घेतलं. दार जराही आवाज न करता बसलं. त्यांनी खिडकीतून किल्ली बाहेर धरली.

"चल. स्टेशनपर्यंत एक चक्कर मारून येऊ. तू चालव."

सुदामने किल्लीकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

"मला लायसन नाही, साहेब."

"काय?" प्रधान पुन्हा वैतागले. "पंधरा वर्षं गाडी करतोयस आणि लायसन नाही?"

"चालवायचे तुम्ही."

प्रधानांचा हात तसाच खिडकीबाहेर राहिला. ओट्यावर चहा निवत होता. बऱ्याच वेळाने त्यांनी हात आत घेतला.

"येत्या शुक्रवारी तुझे फोटो घेऊन ये," ते समोर बघत म्हणाले. "आरटीओत जाऊ."

"शुक्रवारी मागचं मडगार्ड पक्कं बसवायचं होतं."

"राहू दे रे ते मडगार्ड!"