कपाटातला दुसरा डबा

आमच्या घराचा डबा मंगळवारी सकाळी बंद पडला, तेव्हा कळलं की स्वतःच्या घरात मला एक दिवासुद्धा धड लावता येत नाही. भिंतीवर बटणं होती, पण कुठलं कशाचं ते ह्यांनाच ठाऊक.

डबा म्हणजे घराचा मेंदू, असं हे म्हणायचे. दिवे, गीझर, पडदे, दाराचं कुलूप, सगळं त्याच्या हुकमात. निवृत्त झाल्यावर माणसं फिरायला जातात; हे मीटरशेजारच्या कपाटात डोकं घालून बसले. जेवायला हाक मारली की आतून आवाज यायचा, "झालंच." मी त्या डब्याला सवत म्हणायचे. हे म्हणायचे, "सवत बरी, निदान ऐकते तरी."

हे जाऊन चौदा महिने झाले. सवत मात्र नेमाने नांदत होती. रोज संध्याकाळी पावणेसातला ह्यांच्या खुर्चीमागचा दिवा आपोआप लागायचा, कारण ती ह्यांची वाचायची वेळ. सुरुवातीला तो लागला की काळजात धस्स व्हायचं. मग मी त्याची वाट पाहू लागले. पावणेसातला हातातलं काम टाकून समोर बसायचं आणि दिवसभरात काय झालं ते खुर्चीला सांगायचं. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. कळलं असतं तर ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली असती.

"आई, काढून टाक ते सगळं," लेक फोनवर म्हणाली. "साधी बटणं बसवून घे."

"बघते," म्हटलं, आणि वायरमनला फोन लावला. बटण दाबून लागणारा दिवा मला काय करायचा होता? मला तो आपोआप लागायला हवा होता.

वायरमन शनिवारी दुपारी आला. पन्नाशीचा माणूस. पूर्वी ह्यांच्याशी तासन्‌तास गप्पा मारायचा, आणि त्याच्यासाठी केलेला चहा नेहमी गार व्हायचा. त्याने डबा उघडला, उलटा केला, वास घेतला.

"काकू, याच्यात जीव नाही राहिला. आतलं कार्ड तेवढं शाबूत आहे."

"मग आता?"

"नवा आणून सगळं पहिल्यापासून मांडायचं, हा एक मार्ग. नाहीतर या कार्डावरचं दुसऱ्या डब्यात जसंच्या तसं उतरवायचं."

"जसंच्या तसं," मी घाईने म्हणाले. "काही बदलू नका."

त्याने मान हलवली आणि वायर शोधायला कपाटाच्या वरच्या फळीवर हात घातला. हातात आलं बुटांचं खोकं. आत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला तसलाच डबा आणि वर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठी: पहिला गेला तर हा लावा.

"बघा," तो हसला. "काका म्हणजे काकाच. बदली गडी तयार ठेवून गेले."

मलाही हसू आलं. त्याने डबा जोडला. पडदे सरकले, स्वयंपाकघर उजळलं, चार दिवसांत पहिल्यांदा घराने श्वास घेतल्यासारखं वाटलं. तो लॅपटॉपवर एकेक वाचू लागला.

"बेलचा आवाज वाढवलाय."

मला हल्ली कमी ऐकू येतं.

"बाथरूमच्या वाटेवरचा दिवा आता दहा मिनिटं राहतो."

माझे गुडघे.

"दाराचंही बदललंय. पूर्वी दोन्ही फोन घरात आले की कुलूप लागायचं. हा एकाच फोनची वाट बघतो." एवढं बोलून तो यादी पुन्हा वरून खाली बघू लागला.

"वाचा ना पुढे."

"खुर्चीमागचा दिवा यात नाही, काकू. पहाटेचा गजर नाही. काकांचं काहीच नाही." त्याने चष्मा काढून पुसला. "घरात माणसं किती, तिथे एक लिहिलंय."

"कधी केलंय हे?"

"मागच्या वर्षी. काका गेले त्याच महिन्यातली दहा तारीख."

दहा तारखेला संध्याकाळी मी ह्यांची बॅग भरत होते. अकराला ऑपरेशनसाठी दाखल व्हायचं होतं. किरकोळ आहे, चार दिवसांत घरी, असं हे मला सांगत होते. डॉक्टरांनी ह्यांना एकट्याला आत बोलावलं होतं, तिथे काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. किती कपडे भरू म्हणून तीनदा हाक मारली, तेव्हा कपाटातून उत्तर आलं, "चार जोड. झालंच." मी चिडले. "त्या सवतीलाच घेऊन जा बरोबर," म्हणाले. चारातले दोन जोड घडी न मोडता परत आले.

मी इकडे कपडे मोजत होते आणि हे तिकडे घरातली माणसं मोजत होते.

"काकू," वायरमन हळूच म्हणाला, "जुन्या कार्डावरचं यात उतरवतो. दिवा परत लागेल. पण एकच काय ते ठेवता येईल. दोन्ही एकदम ठेवले तर एक म्हणेल लाव, दुसरा म्हणेल विझव."

"म्हणजे आमचाच संसार," मी म्हणाले. तो हसला नाही.

मला राग आला होता. एका शब्दाने विश्वासात न घेता माणूस स्वतःला घरातून वजा करतो, आणि काळजी कसली, तर माझ्या गुडघ्यांची. पण ती चिठ्ठी हातात होती. अक्षर जरासुद्धा हललेलं नव्हतं. तेवढी एक ओळ सरळ लिहायला ह्यांना किती वेळ लागला असेल!

"हाच राहू द्या," मी म्हणाले.

"नक्की?"

"त्यांनी मन घट्ट करून केलंय. ते उलटवायचं माझ्याच्याने व्हायचं नाही."

त्याने जुना डबा खोक्यात ठेवला. या वेळी चहा गरम असतानाच प्यायला आणि गेला.

पावणेसात वाजले. मी सवयीने समोर येऊन बसले. दिवा लागला नाही. सात वाजले तरी तो कोपरा अंधारातच होता. मग उठले, खुर्चीमागे हात घालून भिंत चाचपली. बटण पुस्तकांच्या आड होतं. पहिल्यांदाच दाबलं. दिवा लागला. समोर बसून बोलायला आता तिथे कोणी नव्हतं, म्हणून मीच ह्यांच्या खुर्चीत बसले.

"सांगायचं होतंत ना, अहो," मी म्हणाले. "भांडले नसते हो मी त्या दिवशी."