भवानीचं गिऱ्हाईक

मी एक जुनी बांबूची टोपली आहे, मित्रांनो, आणि सध्या माझं डोकं फिरलंय. टोपलीला डोकं कुठलं, असं विचारू नका. आयुष्यभर रखमा कोळिणीच्या डोक्यावर बसले, थोडं तिचं माझ्यात उतरलं.

रे रोडच्या एका बुरुडाने मला विणलं. वीण अशी घट्ट, की रखमाने एकदा ठोकून पाहिलं आणि घासाघीस न करता उचललं. शीव कोळीवाड्याच्या बाजारात बांगडे, बोंबील, कोलंबी, सगळं माझ्यातून विकलं गेलं. शेजारणी म्हणायच्या, "काय मजबूत टोपली गं तुझी!" मी आणखी ताठ बसायचे. मग प्लास्टिकचे क्रेट आले आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. कुणी साधं फडकंही मारलं नाही.

परवा रुचिकाने मला खाली ओढलं. ही रखमाची नात. परळच्या कॉलेजात ऑनर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांतून शिकवणारी बाई व्हायचंय. त्यासाठी कोळीवाड्याजवळच्या एका शाळेत तिसरीच्या वर्गावर पाठ घ्यायचा होता. तो मान्य झाला तरच ऑनर्स पुरं. तिने ठरवलं, वर्गात मासळीबाजार भरवायचा.

"आजी, टोपली नेते गं."

"ने की. पन फिनेल नको लावू तिला. वास आला तर येऊ दे, चोरीचा हाय का तो?"

लावलंच पोरीने! वरून अत्तरही शिंपडलं. लाज वाटत होती म्हणे माझी.

वर्गात माझ्यात पुठ्ठ्याचे मासे भरले. सलोनी नावाची कोळ्यांची मुलगी ओढणी खोचून विकायला बसली. मागच्या बाकावर कॉलेजच्या प्रिती मॅडम पाठ तपासायला. पहिलं गिऱ्हाईक म्हणून नील आला. बिचारा घाबरत म्हणाला, "मावशी, टू बांगडा गिव्ह ना."

सलोनीने बांगडे उचललेसुद्धा. तेवढ्यात रुचिका म्हणाली, "असं नाही, नील. पूर्ण वाक्य इंग्रजीत. जा, मागे जा आणि नीट बोलत ये."

नील मागे गेला तो आलाच नाही. त्याच्यामागची रांगही हळूहळू पांगली.

सलोनी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ टीचर, काय केलंत! भवानीचं गिऱ्हाईक परत पाठवतात का कधी?"

भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री, मित्रांनो. ते गिऱ्हाईक कसंही बोलो, कोळीण त्याला रिकाम्या हाताने जाऊ देत नाही. रुचिकाला हे शिकवावं लागलं नव्हतं, बाजारातच रांगायला लागली ती. आणि कॉलेजची पुस्तकं काय सांगत होती? मूल घरची भाषा मिसळून बोललं तर आधी ते घ्या, मग पुढची भाषा द्या. माळ्याखाली बसून मोठ्याने पाठ करायची, मी ऐकलंय सगळं! घरचंही ठाऊक, कॉलेजचंही ठाऊक, आणि ऐन वेळी दोन्ही गेली वाऱ्यावर. संतापाने माझ्या काठाची एक काडी तुटली.

"हा पाठ मला मान्य करता येणार नाही," प्रिती मॅडम म्हणाल्या. "पुढच्या आठवड्यात पुन्हा घे. मुलं बोलली पाहिजेत."

घरी येऊन रुचिका माझ्याशेजारीच बसली. "आजी, मी आज भवानी परत पाठवली."

रखमाची कोयती थांबली. "आपल्या घरची पोर तू? वर तोंड करून सांगतेस?"

दुसऱ्या पाठाला फिनेल नव्हतं. रुचिकाने मला स्वतःच्या डोक्यावर घेतलं आणि थेट नीलच्या बाकापाशी जाऊन बसली. "भवानी व्हायचीय रे अजून. तू मघा... नाही, त्या दिवशी काय म्हणालास? टू बांगडा?"

नीलने आधी दोन बोटं दाखवली. मग आणखी एक वाढवून म्हणाला, "थ्री." रुचिकाने तीन बांगडे त्याच्या ओंजळीत घातले आणि मगच पूर्ण इंग्रजी वाक्य सांगितलं.

मग काय, वर्गाचा खराखुरा बाजार झाला. पाठ मान्य झाला. आणि मी? मी पुन्हा माळ्यावर, तुटक्या काडीसकट.

म्हणून सांगते, मित्रांनो. कुणी मोडकंतोडकं पहिलं वाक्य घेऊन तुमच्यापुढे उभं राहिलं, तर त्याच्या ओंजळीत आधी काहीतरी घाला. आणि माझी ती काडी कुणीतरी बांधा रे!