दुपारची कॅप्सूल

अर्धी नारिंगी, अर्धी पांढरी... कोरफडीच्या कुंडीत, ओल्या मातीला चिकटून फुगलेली ती कॅप्सूल चित्राने संध्याकाळी घरी आल्या आल्या दोन बोटांत उचलली. अजून विरघळली नव्हती, म्हणजे आजचीच होती, आणि आजची जर इथे, तर रोज दुपारच्या — ती नवा रायपूरला मंत्रालयात फायलींत बुडालेली असताना सासूबाईंच्या हातून लेकीला, निधीला मिळायच्या, त्या...

औषध सुरू झाल्यापासून चित्रा रोज सकाळची गोळी स्वतः देताना डबीला चक्क नमस्कार करायची. डॉक्टरांनी बजावलं होतं — ही अँटिऑक्सिडंट गोळी नुसती इतर उपचारांच्या जोडीला, ऑटिझम बरा करणारं औषध नव्हे. कुणाला थोडा गुण येतो, कुणाला नाही. पण आईचं मन असलं काही ऐकतं थोडंच! आणि परवा रविवारी — जिने सात वर्षांत आपणहून कुणाला काही दिलं नव्हतं, त्या निधीने आईच्या तळहातावर एक बारीक खडा ठेवला आणि वर पाहिलं. थेट डोळ्यांत. चित्रा न्हाणीघरात जाऊन पोटभर रडली होती, डबीचे उपकार मानले होते. उद्या डॉक्टरांना हेच सांगायचं होतं. औषध पुढे चालवायचं की थांबवायचं, ते त्यावरच ठरणार होतं.

"आई, दुपारची गोळी काहून नाही दिली?"

सासूबाईंचं सुपातलं बोट थांबलं नाही. "जनावराच्या हाडाचं टरफल असते म्हणे त्याले. श्रावण लागला, पोरीच्या तोंडात कसं घालू?"

"टरफल काढूनच द्यायचं ना, नुसती भुकटी..."

"भुकटीबी त्यातलीच ना." मग हळूच, "तुले वाईट वाटलं असतं, म्हणून बोलली नाही."

"मग दुपारभर करते काय ती?"

"काही नाही. माह्यासंग तांदूळ निवडते. खडा सापडला का मले देते. मी म्हणते, हव, शाब्बास!"

खडा... चित्राला राग यायला हवा होता. तिने तो मनात शोधूनही पाहिला. पण सकाळची भुकटी तर पोटात जातच होती — मग तो खडा कुणाचा? भुकटीचा, की या म्हातारीच्या सोवळ्या हट्टाचा? की निधीचा स्वतःचाच, जिचे उपकार मानायचं आजवर कुणाला सुचलंच नव्हतं?

उद्या डॉक्टरांना सगळं सांगावं लागेल, चुकलेल्या दुपारींसकट. आईंशीही नीट बोलावं लागेल. पण आत्ता नुसतं भरून आलं होतं, आणि हात जोडायचे तर कुणाकडे तोंड करून, तेच कळेना.

तिने कॅप्सूल ओट्यावर ठेवली, हात धुतले आणि सुपाशी येऊन बसली. निधी आजीशेजारी मान खाली घालून दाणे सरकवत होती. चित्राने तळहात पुढे केला. निधीने अजून वर पाहिलं नव्हतं.