पिना मारलेली उत्तरं

दोष हेडमास्तरांचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे त्यांचे पांढरे केस बघून तुम्ही विरघळाल.

मी बुद्धिबळाचं पुस्तक बोलतोय, मोफत वाचनालयातलं. माझ्यात डावाच्या शेवटाची कोडी आहेत. पुढे डोकं चालवा, मागच्या पानांवर उत्तर ताडून बघा, इतका मी सरळ. नवा होतो तेव्हा वाटलं होतं, हातोहात फिरेन. पण पटाच्या टेबलावर पेपर वाचायला येणाऱ्या म्हाताऱ्यांचे चष्मे, पिशव्या आणि पाय. पट मांडायचा कुठे?

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे हे निवृत्त हेडमास्तर. शाळा सुटली, खोड सुटली नाही. एक दिवस त्यांनी माझी उत्तरांची पानं एकत्र धरली आणि कडेने खटाखट स्टेपलर चालवला.

"अहो सर, पुस्तक खराब होतंय," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

"होऊ दे. आयतं मिळालं की पोरं खराब होतात."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. त्यांतल्या एकानेही मला कधी उघडलं नव्हतं.

मग तो पोरगा आला. कॉलेज सोडलेला, शिकवणी न परवडणारा. बापाने बजावलं होतं, "यंदाच्या बुद्धिबळ स्पर्धेतून शहराच्या संघात गेलास तर खेळ. नाहीतर गुपचूप काकाच्या गोदामात." दार उघडायच्या आधीच तो पायरीवर बसलेला असे. म्हाताऱ्यांच्या पिशव्या बाजूला सारून पट मांडायचा, शिव्या खायचा, माझी कोडी सोडवायचा. आपण पुस्तक आहोत, हे मला तेव्हा कळलं.

एका कोड्यात तो अडला. प्यादं शेवटच्या घरात पोचतं. त्याचं आता कोणतं मोहरं करायचं? त्याने पिनेला नख लावलं तोच हेडमास्तर कडाडले, "हात काढ! सभासदत्व रद्द करीन."

"मग तुम्ही सांगा, सर. वजीरच ना?"

"अर्थात वजीर! सगळ्यात मोठं तेच घ्यावं. यात विचारायचं काय?"

पटाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

तिथे हत्ती करायचा असतो हो! वजीर केला तर समोरच्या राजाला शह बसत नाही आणि हलायला घरही उरत नाही. जिंकलेला डाव बरोबरीत सुटतो. हे माझ्या पोटात छापलेलं होतं, आणि पोट शिवलेलं.

स्पर्धेच्या शेवटच्या डावात नेमकी तीच वेळ आली. त्याने वजीर केला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला बाईंच्या टेबलावर ठेवलं. हेडमास्तर पेपरामागून म्हणाले, "हल्लीची पोरं मोठ्यांचं ऐकत नाहीत, म्हणून हरतात."

"ऐकलं म्हणूनच घालवलं, सर," तो म्हणाला आणि गेला.

मी अजून कपाटात आहे. तुम्ही आलात तर कुणाला विचारू नका, सरळ मला फाडून उत्तर बघा. मला राग येणार नाही.

त्याची संघातली जागा अर्ध्या गुणाने गेली. आता तो काकाच्या गोदामात खोकी उचलतो. बुद्धिबळ सुटलं.