बद्रियाच्या गच्चीवरची सोलर प्लेट

मी एक जुनी सोलर प्लेट आहे. लेबनॉनच्या बेका खोऱ्यात, बद्रियाबाईंच्या दुधाच्या कारखान्याच्या गच्चीवर मी राहते. कारखाना म्हणजे तीन खोल्या, दूध थंड ठेवणारी एक मोठी टाकी, आणि फडक्यात टांगून घट्ट केलेल्या दह्याचा, म्हणजे लबनेचा, आंबूस वास. मित्रांनो, माझा जन्म मात्र दूर देशात झाला. काचेखाली निळ्याकाळ्या चकत्या बसवून, चारी बाजूंनी पत्र्याची चौकट ठोकून मला खोक्यात भरले. जहाजाने आणि ट्रकने प्रवास करत मी इथे पोहोचले. आम्ही बाराजणी होतो.

आम्हाला बसवायला रिहाम नावाची तरुण इंजिनिअर आली. गच्चीवर पाऊल ठेवताच ती थबकली. दक्षिणेकडची अर्धी गच्ची कबुतरांच्या उंच खुराड्याने अडवली होती. ते खुराडे अबू नायिफ यांचे होते. ते बद्रियाबाईंचे थोरले दीर. नवरा गेल्यावर कारखाना बाई चालवत होत्या, पण अर्धी गच्ची दिरांच्या नावावर होती.

"काका, याची सावली प्लेटांवर पडेल," रिहाम म्हणाली. "एका प्लेटवर सावली आली, तरी अख्खी रांग मंदावते. खुराडं तेवढं मागे घ्या ना."

"चाळीस वर्षं ते इथंच आहे. तुझा सूर्यच थोडा सरकव की!"

"भाऊजी, रोज आठ तास वीज नसते. पैसे भरून घेतलेला गल्लीचा जनरेटर कधी चालतो, कधी नाही. दूध नासतंय," बद्रियाबाई म्हणाल्या.

"मग नासू दे. माझी पाखरं बिथरली, तर परत येतील का?"

आम्ही तीन आठवडे भिंतीला टेकून उभ्या राहिलो. पुढे आयुष्यभर ऊन झेलायचे होते, पण तेव्हा मात्र उभ्या जागी धूळ खात होतो.

ऑगस्टमधला तो दिवस मी विसरणार नाही. सकाळीच वीज गेली आणि जनरेटरचा पट्टा तुटला. दुपारपर्यंत टाकीतले दूध फाटले. बद्रियाबाई एकेक बादली अंगणातल्या गटारात ओतू लागल्या. दूध घालणारी जवाहिर दारात उभी होती. पाच शेळ्यांवर पोट असलेली ही म्हातारी, पहाटे चार मैल चालत आली होती.

"उद्या आणू का गं दूध?" तिने विचारले.

बद्रियाबाईंची मान वर झाली नाही. "कशात ठेवू ते, आजी?"

अबू नायिफ वरून पाहत होते. हातातले दाणे त्यांनी पुन्हा डब्यात टाकले. मग ते खाली गेले आणि पक्कड घेऊन आले. त्याच दुपारी त्यांनी खुराड्याची फळी न फळी सुटी केली आणि उत्तरेच्या कठड्याशी पुन्हा उभी केली. कबुतरे वर घिरट्या घालत राहिली. काका मान वर करून शीळ घालत होते. त्यांच्या हाताला खिळा लागून रक्त आले होते, तरी शीळ थांबली नाही. सूर्य डोंगराला टेकायच्या आत शेवटचे कबूतर उतरले.

दुसऱ्या दिवशी रिहामने आम्हाला तिरक्या सांगाड्यावर घट्ट बसवले, तारा खाली बॅटऱ्यांपर्यंत नेल्या आणि कळ दाबली. टाकी घुमू लागली. बद्रियाबाईंनी टाकीच्या गार पत्र्यावर गाल टेकवला. मला वर बसूनही त्यांचे हसणे ऐकू आले. जो येई तो गच्चीवर येऊन आमचे कौतुक करी.

मित्रांनो, कौतुक फार दिवस टिकत नाही. वर्षभरात आमच्याकडे कुणी ढुंकूनही पाहीना. शेतातली लाल धूळ आमच्यावर साचली आणि त्यावर कबुतरांची विष्ठा. वीज घटत गेली. टाकी पुन्हा दुपारी थांबू लागली.

"फसवलंस मला! वर्षातच तुझ्या प्लेटा गंडल्या," बद्रियाबाईंनी रिहामला फोनवर सुनावले.

रिहाम आली. तिने माझ्यावरून ओले फडके फिरवले. काच लखलखली. फडके चिखलासारखे लाल झाले.

"मावशी, गंडलं काहीच नाही. कधी धुतलंत का यांना?"

बद्रियाबाई ओशाळल्या. मग दिरांकडे वळून म्हणाल्या, "निम्मी कामगिरी तुमच्या लाडक्यांची आहे, भाऊजी!"

"पाखरं माझी, तर घाणही माझीच," काका पुटपुटले.

तेव्हापासून दर शुक्रवारी, काच तापण्याआधी, ते आम्हाला साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतात. हल्ली त्यांचे गुडघे दुखतात. म्हणून ब्रश बद्रियाबाईंच्या हातात असतो आणि काका खुर्चीवर बसून हुकूम सोडतात.

"डावा कोपरा राहिला!"

"दिसतोय मला! तुम्ही दाणे टाका."

एका गारपिटीत माझ्या चौकटीला पोचा पडला आहे. पूर्वीइतकी वीज आता माझ्याकडून होत नाही, पण जवाहिरच्या शेळ्यांचे दूध रोज येते आणि गारच राहते. गेल्या महिन्यात शेजारच्या पिठाच्या गिरणीचा मालक वर आला, आमच्याकडे बराच वेळ पाहत उभा राहिला आणि रिहामचा नंबर लिहून घेऊन गेला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांना हाक मारता येत नाही. दुखले-खुपले तर आम्ही फक्त थोडे कमी देऊ लागतो. म्हणून माझी एवढीच विनवणी आहे : जे मुकाट्याने काम करते, ते कधी कमी पडू लागले, तर त्याला बोल लावण्याआधी एकदा जिना चढून या. येताना ओले फडके आणायला विसरू नका.