बोट टेकलेला हत्ती

मित्रांनो, मी एक जुना हत्ती आहे. मला सोंड नाही, पाय नाहीत. बुद्धिबळाच्या पटाचा कोपरा हे माझं घर. महाडच्या पुरात पटावरचा खरा काळा हत्ती वाहून गेला, तेव्हा रामजींनी कोयत्याच्या मोडक्या मुठीतून मला तासलं आणि चुलीच्या काजळीने काळं केलं. बाकीचे मोहरे प्लॅस्टिकचे, गुळगुळीत. मी ओबडधोबड. तरी रामजी म्हणायचे, "माझा हाच गुणाचा."

कारखान्यातून निवृत्त होऊन रामजी उमरठजवळच्या आपल्या वाडीत राहायला आले. रोज दुपारी त्यांचे मित्र सोमा पडवीत खेळायला येत. दोघांचा नियम कडक: ज्या मोहऱ्याला बोट लागलं, तोच चालायचा. रामजींचा डाव बहुधा बुडायचाच. पण बुडता बुडता ते असा सापळा लावत, की सोमा कपाळावर हात मारत. "रामज्या, तुला जाळला तरी उठून बसशील!"

त्या दुपारी मात्र रामजींचा राजा कोपऱ्यात पुरता कोंडला होता. जोडीला एक अडलेलं प्यादं आणि मी. सोमा हसून म्हणाले, "आता तरी मर बाबा. काय नाय उरलं तुझ्यात."

रामजींनी माझ्या डोक्यावर बोट टेकलं. गालात हसले. इतक्यात छातीत कळ आली, बोट उचललं गेलं. "उद्या बघ," एवढं म्हणून ते आत जाऊन पडले, ते पुन्हा उठले नाहीत.

सोमांनी पट कुणाला आवरू दिला नाही. रोज त्याच वेळी येऊन ते समोरच्या रिकाम्या घोंगडीकडे बघत बसत. "मीच बोललो, मर म्हणून," पुटपुटत. माझ्यावर धूळ साचली, पण त्या बोटाचा दाब काही जाईना. ती चाल मला ठाऊक होती. लाकडाला तोंड कुठे असतं?

महिन्याने रामजींची नात निशिगंधा घोंगडीवर येऊन बसली.

"सोमाआजा, आजोबांनी बोट कशाला लावलेलं?"

"हत्तीला. पण त्यात काय गो? कुठं पण ठेव, मरतोय."

"मरू दे की. नियम म्हणजे नियम." तिने मला सोमांच्या राजाला खेटून ठेवलं. "शह!"

मला मारायला निघालेला सोमांचा हात हवेतच थांबला. मी मेलो, तर रामजींच्या राजाला शह नव्हता; पण सरकायला घरही नव्हतं. प्यादं अडलेलं. चालच उरत नाही, म्हणजे डाव बरोबरीत! सोमांनी राजा पळवला. मी पाठोपाठ. शह. पुन्हा शह.

शेवटी त्यांनी मला मारलं आणि तसंच मुठीत घट्ट धरून ठेवलं. "लबाडा," ते घोंगडीकडे बघून म्हणाले, "नव्हतास रे मेला तू!" त्यांची मूठ ओली झाली.

मित्रांनो, कुणाला 'संपलास' म्हणण्याआधी जरा थांबा. अर्धा डाव मांडलेला दिसला, तर उधळू नका. कुणाची तरी चाल बाकी असेल.

आता मी डबीत असतो. पण दुपार कलली की त्या अंधारात माझ्या डोक्यावर अलगद एक बोट टेकतं. आणि ते उचललं जात नाही.